खालाने अर्धा पाहिलेला सिनेमा

आमच्या गल्लीतल्या बायका सिनेमा पाहावा की नाही हे बांगड्या भरताना ठरवत. बांगड्या विकणारी खाला दर शनिवारी दुपारी यायची, बांगड्यांची टोपली ओसरीवर उतरवायची आणि हात पुढे करणारीला रंग विचारायच्या आधीच सांगून टाकायची, 'पाहाचा' किंवा 'नोको पाहू'. एकाच सिनेमाबद्दल दोघींना ती दोन उत्तरे द्यायची. जो सिनेमा तिने माझ्या सासूबाईंना पाहायला सांगितला, तोच मला पाहू नको म्हणाली. मी कारण विचारले, तर माझी बोटे चेपत म्हणाली, "पोरी, तुह्यं लगीन होऊन साल नाई झालं. त्याच्यात सासू सुनेले छळते. तू पाहशीन अन् घरी येऊन रडशीन. तुह्या सासूले पाहू दे. तिले जरूर हाये."

सासूबाई दाराआड तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ऐकले असणार. रविवारी त्या सिनेमा पाहून आल्या.

मी अनसिंगची. लग्न होऊन वाशीमला आले तेव्हा पन्नास साल नुकतेच मागे पडले होते. गावात एकच टॉकीज होती, टिनाच्या छपराची, कापूस बाजाराच्या पलीकडे. शुक्रवारी नवा सिनेमा लागे. टांग्यात वाजंत्री बसवून त्याची जाहिरात गावभर फिरवीत. बायकांसाठी रविवारी आणि गुरुवारी दुपारचा वेगळा खेळ असे. आमच्या गल्लीतल्या सुनांना महिन्या-दोन महिन्यांतून एकदा परवानगी मिळायची. तो एक सिनेमा फुकट गेला, तर पुढचा मिळेपर्यंत चूल आणि विहीर. म्हणून खालाच्या शब्दाला किंमत होती. ती नवा खेळ शुक्रवारीच, कापडी आडपडद्यामागच्या बायकांच्या जागेत बसून पाहून येई. नवरा फार पूर्वी गेलेला. मुलगा रशीद कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. आठवडाभर ती टोपली घेऊन खेडोपाडी, बाजारांना आणि जत्रांना फिरे. शुक्रवार मात्र तिचा स्वतःचा होता.

गल्लीत सिनेमावर बोलणारी दुसरी बाई म्हणजे मास्तरीणबाई. त्यांच्याकडे नागपूरचे वर्तमानपत्र येई, त्यात सिनेमावर लिहिलेले असे, आणि ते वाचून त्या मत देत. चित्रीकरण, संगीत, अभिनय हे शब्द मी प्रथम त्यांच्या तोंडून ऐकले. खालाला ते शब्द नव्हते. ती पडद्यावरच्या बायकांचे हात पाहायची. एका सिनेमाची मास्तरीणबाईंनी फार तारीफ केली, तेव्हा खाला म्हणाली, "मजुराची बायको म्हनते, अन् हातात भारी चुड्या. भाकरी थापते, तरी एक बी वाढत नाई. कोनाले सांगता?" मास्तरीणबाई म्हणाल्या, अगं, सिनेमात तेवढे चालते. खालाने मान हलवली. तिच्या मते चूल पेटवणाऱ्या बाईच्या डोळ्यात धूर गेला नाही, तर ती बाई पुढे कितीही रडली तरी खोटीच.

गोष्ट मात्र ती कधी आधी सांगत नसे. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या आंधळ्या पार्वताबाईंपुरता तिने अपवाद केला होता. त्यांच्यापाशी बसून ती अख्खा सिनेमा सांगायची. गाणी म्हणायची नाही, कारण आवाज नव्हता. गाण्याचे शब्द मात्र सावकाश बोलून दाखवायची.

लग्नाच्या तिसऱ्या वर्षी भाद्रपदात आमच्या घरी फार वाईट झाले. माझ्या थोरल्या जाऊबाईंचा मुलगा मधू चार वर्षांचा होता. त्याला मुदतीचा ताप आला आणि एकविसाव्या दिवशी तो गेला. सासूबाईंनी आठ दिवसांत त्याचे कपडे वाटून टाकले आणि घरात सगळ्यांना बजावले की पोराचे नाव काढायचे नाही. नाव निघाले की आई रडेल, आई रडली की दुसऱ्या लेकराची आशा जाईल, असा त्यांचा हिशेब. त्यात दुष्टपणा नव्हता. त्यांची स्वतःची तीन लेकरे अशीच गेली होती आणि त्यांनाही कोणीतरी हेच सांगितले असेल. जाऊबाईंनी तो शब्द पाळला. त्या रडल्या नाहीत. दळण, पाणी, सारवण, सगळे पूर्वीसारखेच करत राहिल्या, फक्त बोलेनाशा झाल्या. थोरले दीर जेवून उठत आणि अंगणात पाठ करून बसत.

त्या हिवाळ्यात गावात एक सिनेमा लागला. त्यात एका नावाड्याची बायको मजुरीसाठी नदीपलीकडे जाते, पूर येतो, तीन दिवस ती परत येऊ शकत नाही, आणि तेवढ्यात घरी तिचे लेकरू तापाने जाते. शनिवारी खाला आली तेव्हा नेहमीसारख्या आम्ही पाच-सात जणी ओसरीवर जमलो. तिने टोपली उतरवली आणि कोणाचाही हात हातात न घेता सांगितले, "हा कोनीच नोका पाहू." सगळ्यांना मिळून एकच उत्तर तिने पहिल्यांदाच दिले होते. आम्ही काही विचारण्याआधीच ती हिरव्या बांगड्यांची माळ सोडू लागली.

मास्तरीणबाई रविवारी तरीही गेल्या. आल्या त्या डोळे सुजवून, आणि सोमवारी घरोघर सांगू लागल्या की वाशीमात असा सिनेमा आजवर आला नव्हता आणि खालामुळे आपण त्याला मुकतो आहोत. मंगळवारी खाला गल्लीतून जाताना त्यांनी तिला आमच्याच अंगणात थांबवले. दोघींचे बोलणे बराच वेळ चालले. मास्तरीणबाईंनी धुराची आठवण करून दिली. या सिनेमातल्या बाईच्या डोळ्यात धूर जातो, तिच्या हातात काचेच्या दोनच बांगड्या आहेत, त्यातली एक वल्हे मारताना वाढते, मग खालाला यात खोटे काय दिसले? खाला म्हणाली, सिनेमा चांगला नाही. मास्तरीणबाईंनी विचारले, "बरं, त्याचा शेवट तरी सांग. ती बाई शेवटी काय करते?"

खालाने टोपली डोक्यावर घेतली आणि ती निघून गेली.

बुधवारी दुपारी ती परत आली. टोपली आणली नव्हती. तिला रिकाम्या हातांनी मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. सासूबाई ओसरीवर होत्या, मी होते, आणि खांबापाशी जाऊबाई डाळीतले खडे वेचत होत्या. खाला पायरीवर बसली.

"म्या अर्धाच पाह्यला," ती सासूबाईंना म्हणाली. "ते बाई नावेतून उतरली, अन् काठावरचे लोक तिच्याकडं पाहून नाई राह्यले, तवा मी उठून आली. पुढचं मले मालूम होतं."

मग तिने सांगितले. बारा वर्षांपूर्वी ती रामनवमीच्या जत्रेत बांगड्या विकायला पोहरादेवीला गेली होती. घरी सहा वर्षांची मुलगी होती. तिचे अंग थोडे गरम होते, पण अशी गरम अंगे रोजचीच असतात म्हणून तिला शेजारणीच्या हवाली करून खाला निघाली. जत्रा चांगली भरली, बांगड्या खपत होत्या, म्हणून ती एक दिवस जास्त राहिली. परत आली तेव्हा तिच्या गल्लीच्या तोंडाशी बसलेले पुरुष उठून बाजूला झाले आणि एकानेही तिच्याकडे पाहिले नाही. मुलीला आदल्या दिवशीच माती दिली होती. तोंड पाहायला मिळाले नाही. हे सांगताना ती 'पोरगी' एवढेच म्हणत होती. आवाज चढला नाही की फुटला नाही.

"सिनेमा चांगला का वाईट, ते मले सांगता येत नाई," ती शेवटी म्हणाली. "पन तो खोटा नाई. मले पाहवला नाई, म्हून म्या तुमाले नोको म्हटलं. हे मी खोटी बोलली."

मग खांबापाशी डाळीचे सूप खाली ठेवल्याचा आवाज झाला आणि जाऊबाई म्हणाल्या, "मले पाहाचा हाये."

किती दिवसांनी त्या आपल्या मनाचे काही बोलल्या होत्या. सासूबाई एकदम म्हणाल्या, "काई गरज नाई. धरलेली खपली काढाले जातं काय कोनी?"

"खपली धरलीच नाई, बाई," खाला म्हणाली. "माही बारा सालात नाई धरली. हिची तीन महिन्यात काहून धरन?"

सासूबाईंनी तोंड अंगणाकडे वळवले. त्यांचे ओठ हलत होते. त्या आपल्या तीन लेकरांची नावे मनात घेत असतील असे मला आता वाटते. तेव्हा मला वाटले, त्या रागावल्या आहेत. मग त्यांनी एवढेच विचारले, "सोबत कोन जाईन?"

गुरुवारी शेवटचा खेळ होता. आम्ही तिघी गेलो. खाला मध्ये, जाऊबाई तिच्या उजवीकडे, मी डावीकडे. टॉकीजभर बायकांची गर्दी होती, लेकरे रडत होती, कोणी शेंगा फोडत होते. नावाड्याच्या बायकोची नाव काठाला लागली तशी गर्दी आपोआप गप्प झाली. खालाचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागून होता. तो बाजूला झाला. तिने बाकाची कड धरली आणि ती उठू लागली. जाऊबाईंनी तिचे मनगट पकडले. "बस, खाला," त्या हळूच म्हणाल्या. "मी हाये." खाला बसली. सिनेमा संपेपर्यंत जाऊबाईंनी ते मनगट सोडले नाही. त्या दोघी रडत होत्या की नाही हे मी सांगू शकत नाही, कारण मला स्वतःलाच समोरचे काही दिसत नव्हते.

शेवटी ती बाई स्वतः नाव चालवू लागते आणि लोकांना पैलतीरी पोचवते, एवढीच गोष्ट होती. परत येताना खाला रस्त्यात म्हणाली की मधले गाणे नसते तरी चालले असते. जाऊबाईंनी मान डोलावली. तेवढेच बोलणे झाले.

त्या संध्याकाळी पुरुषांची पाने वाढली होती. जाऊबाई वाटीत वरण घालता घालता थांबल्या आणि म्हणाल्या, "मधूले आंबट वरन लय आवडे."

माझी तव्यावरची भाकरी करपली. सासूबाई चुलीपाशी होत्या. थोरल्या दिरांनी हातातला घास ताटात ठेवला. मला वाटले, आता ते उठून अंगणात जातील. पण ते खाली मान घालून म्हणाले, "गूळ जास्त लागे त्याले." आणि मग तो धिप्पाड माणूस ताटावरच हुंदके देऊन रडू लागला. जाऊबाई तिथेच त्यांच्याजवळ बसल्या. सासूबाईंनी चुलीतले लाकूड मागे ओढले आणि पदर डोळ्यांना लावला. त्या दिवशी घरात कोणी नीट जेवले नाही. पण त्यानंतर मधूचे नाव घरात राहिले. तो कसा बोबडे बोलायचा, कोणाच्या खांद्यावर झोपायचा, हे निघू लागले. दोन वर्षांनी जाऊबाईंना मुलगी झाली. तिलाही आम्ही तिच्या भावाच्या गोष्टी सांगितल्या.

खाला पुढेही शनिवारी येत राहिली. आता ती उत्तर द्यायला वेळ घ्यायची. कधी म्हणायची, पुन्हा एकदा पाहून येते, मग सांगते. मास्तरीणबाईंशी वाद सुरूच होते. फक्त एखादा सिनेमा आवडला नाही, तर तो सिनेमाचा दोष की आपलाच, हे ती आधी स्वतःला विचारायची आणि आम्हालाही विचारायला लावायची. माझी ती सवय आजही गेलेली नाही. सिनेमाच नव्हे, माणसाबद्दल वाईट बोलतानाही मी जरा थांबते.

रशीदला जालन्याला काम मिळाले आणि एका उन्हाळ्यात दोघे मायलेक वाशीम सोडून निघाले. जाण्याआधी खाला प्रत्येक घरी येऊन गेली. आमच्याकडे ती शेवटी आली. सासूबाईंच्या पाया पडू लागली, तेव्हा त्यांनी तिला धरून उठवले. जाऊबाईंना ती बाजूला घेऊन गेली. मी पाण्याचा तांब्या घेऊन जवळच उभी होते, म्हणून मला ऐकू आले.

"तिचं नाव शकिला होतं," खाला म्हणाली. "मी गेल्यावर इथं तिले ओळखनारं कोनी नाई राह्यत."

जाऊबाईंनी ते नाव एकदा मोठ्याने म्हटले, बरोबर म्हटले ना याची खात्री करून घ्यावी तसे. खालाने हो म्हटले.

दीड-दोन वर्षांनी जालन्याहून रशीदचे कार्ड आले. खाला थोड्याशा आजाराने गेली होती.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे पितरांच्या नावाने पाण्याने भरलेल्या घागरी मांडतात. लेकरांच्या नावाची घागर मांडायची रीत नाही, पण जाऊबाई मधूसाठी एक लहानशी घागर मांडू लागल्या होत्या आणि कोणी त्यांना अडवले नव्हते. कार्ड आले त्या वर्षी पाहते तर तिच्या शेजारी तेवढीच दुसरी होती. सासूबाईंनी विचारले, ही कोणाची? जाऊबाई म्हणाल्या, शकिलाची. पूजा झाली, पाने वाढली गेली, दिवस गेला.

पुढच्या वर्षी कुंभाराकडे सासूबाई स्वतः गेल्या. मोठ्या घागरी घेतल्या आणि मग वाकून, वाजवून पाहून, लहान दोन निवडल्या.