नागपूरचा गॅस

“आपन फायद्यात आहो, टेलरबाई!”

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आम्ही दोघं वैनगंगेच्या पुलावर त्यांची गाडी ढकलत होतो. मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून आमचा उद्धार करत होते, माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता, आणि हे गृहस्थ एका हाताने स्टेअरिंग धरून मला फायदा समजावत होते. गाडीतला गॅस संपला होता. पेट्रोलची टाकी मात्र अर्धी भरलेली होती.

“अवो भाऊ, मंग पेट्रोलवर घ्या ना! बटन तं आहे!”

“घेतो काय! पेट्रोल केवढं महाग आहे!”

असा माणूस तुमच्याही गल्लीत असेल, नीट आठवून पाहा. वाद घालून डोकं आपलं फिरतं, आणि तो आपल्याकडेच चहा मागतो.

भंडाऱ्यासमोर, नदीच्या अलीकडच्या काठावर कारधा; तिथे आमची घरं शेजारीशेजारी. मी घरी ब्लाउज शिवते. भाऊ वरठीच्या कारखान्यात क्रेन चालवून रिटायर झाले. जुनी लाल गाडी घेतली आणि काही दिवसांनी तिला गॅसची किट बसवली. गॅसची टाकी डिक्कीत गेली, त्यामुळे स्टेपनीला जागा उरली नाही. दुसऱ्या कुणी ते चाक टपावर बांधलं असतं. भाऊंनी ते मागच्या सीटवर मधोमध उभं केलं, माझ्याकडून त्याला फुलाफुलांचा झगा शिवून घेतला आणि वरून पट्टा लावला. मागे बसणाऱ्याने स्टेपनीच्या गळ्यात हात घालूनच बसायचं.

एकदा भंडाऱ्याच्या चौकात पोलिसाने अडवलं. “पट्टा लावला का सगळ्यांनी?”

“तिनं लावला साहेब,” भाऊ मागे बोट दाखवत म्हणाले. “आमचा राहून गेला.” पोलिसाने स्टेपनीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि जा म्हणाला.

सकाळी गाडी पेट्रोलवरच सुरू करावी लागे. तेवढा वेळ भाऊ मान फिरवून खिडकीबाहेर पाहत. गॅसचा हिरवा दिवा लागला की मग मान सरळ.

पण खरी गंमत पुढेच आहे. गॅसचा पंप होता नागपूरला!

“भाऊ,” मी एकदा मशीन थांबवून विचारलं, “गॅस आनाले नागपूरले जाता, तं घरी येईपर्यंत किती जळते?”

“जळू द्या ना. पेट्रोलपेक्षा सस्ता जळते का नाही?”

“हाव.”

“मंग झालं! जितकी जास्त गाडी चालली, तितकी जास्त बचत. घरी बसून राहिलो तं नुकसान.”

“असं असंन तं नागपूरच्या पुढं वर्ध्यालेही जाऊन या!”

“पाहू,” म्हणाले, आणि खरंच विचारात पडले. कर्म माझं! त्या रागात मी एका गिऱ्हाइकाची बाही उलटी जोडली.

हा सगळा खटाटोप कशासाठी, ते मला ठाऊक होतं. त्यांच्या बायकोनेच, वहिनींनी, सांगितलं होतं. एकुलती एक पोरगी नागपुरात दिलेली. लग्नानंतर भाऊ दर रविवारी काहीतरी घेऊन तिच्या दारात हजर. एकदा तिचे सासरे हसत म्हणाले, “इवाईबुवा, दर रविवारी चक्कर! आमच्यावर भरोसा नाही काय?” बिचारे गमतीनं बोलले असतील. भाऊंना ते फार लागलं. आता कामाशिवाय पोरीच्या घरी जायचं नाही, असं ठरवून बसले. जेवण गोड लागेना. एकच भाजी चार वेळा निवडत. नागपूरला जाऊन करावं असं काम तर त्यांच्याकडे काही नव्हतं. मग त्यांनी गॅसची किट बसवली.

गुडघ्यांमुळे वहिनी क्वचितच जायच्या. मला लेस आणि बटणं आणायची असली की मी जायची, मागे स्टेपनीजवळ. गॅस भरला की गाडी पोरीच्या फाटकाशी. इंजिन बंद करायचं नाही, कारण पुन्हा पेट्रोलवर सुरू करावं लागेल. एक हात गाडीच्या टपावर, दुसऱ्या हातात नदीकाठच्या वांग्यांची थैली.

पोरगी कणकेच्या हातांनी धावत यायची. “बाबा, आत या ना!”

“नाही. गॅस भराले आलो होतो. हे घे वांगे.”

“पानी तरी घ्या.”

पाणी उभ्यानेच प्यायचे. आणि पिताना ग्लासाच्या वरून तिला असं पाहून घ्यायचे, की त्या पोरीच्या केसातली पिनही त्यांच्या नजरेतून सुटत नसेल. “बारीक झाली काय वो?” एवढं विचारलं की झाली भेट. परतीच्या रस्त्यावर मी मागे स्टेपनीच्या झग्याला डोळे पुसायची. रडू आलं तर आलं, त्यात लाजायचं काय!

मग भंडाऱ्यातच गॅसचा पंप निघाला.

आमच्या गल्लीत सगळ्यांना कळलं, पण भाऊंना सांगायची कुणाची छाती होईना. शेवटी समोरच्या खोलीत नवीन आलेल्या बँकवाल्या पोराने आनंदाची बातमी दिली, “काका, आता नागपूरले कायले जाता? पूल ओलांडला की गॅस!”

“हो का? लय बरं झालं,” भाऊ म्हणाले, आणि पायरीवर बसले ते बसलेच.

पुढचा रविवार गाडी दारात. त्याच्या पुढचाही. झग्यावर धूळ बसली. “अर्धी भाकर ताटातच ठेवते माणूस,” वहिनी भिंतीपलीकडून मला म्हणाल्या. मला त्या बँकवाल्याचा असा राग आला की त्याने लांबी वाढवायला दिलेली पॅन्ट मी मुद्दाम तशीच आखूड ठेवली.

तिसऱ्या रविवारी मीच जाऊन दार वाजवलं. “चला भाऊ, भंडाऱ्याचा गॅस तं पाहू कसा आहे.”

कुरकुरत आले. गॅस भरला. परत येताना गाडी पुलाच्या मधोमध आली, तेव्हा मी मागून ओरडले, “थांबा थांबा! गाडी ओढून नाही राहिली!”

गाडी उत्तम चालली होती. भाऊंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. “तुमालेही वाटलं काय?”

“वाटलं काय! पातळ आहे हा गॅस!”

“मी तेच म्हनतो!” त्यांनी स्टेअरिंगवर थाप मारली. “पातळच आहे!”

गॅस पातळ असतो का, हे मला विचारू नका. मला ब्लाउजच्या कटोरीपलीकडचं कळत नाही. पण संध्याकाळपर्यंत दूधवाल्यापासून सगळी गल्ली म्हणू लागली की भंडाऱ्याचा गॅस पातळ. बँकवाल्यालाही म्हणावं लागलं. त्याची दुसरी पॅन्ट माझ्याकडेच होती.

पुढच्या रविवारी भाऊ नागपूरला गेले, ते दुपार टळून गेली तरी परतले नाहीत. आम्ही काळजीत. आले ते पान खाऊन. फाटकात व्याहीच उभे होते म्हणे. “इवाईबुवा, एवढे हप्ते गॅस पुरला तरी कसा?” असं म्हणून त्यांनी भाऊंचा हात धरला आणि आत नेलं. भाऊ तिथे पंगतीला बसून जेवले.

“गाडी बंद केली होती?” मी विचारलं.

“कराच लागली. पेट्रोलवर चालू करा लागली पुन्हा.” थोडं थांबून म्हणाले, “पन फायद्यात आहो.”

भाऊ गेले त्याला आता वर्ष होत आलं. झोपेतच गेले. गाडी पोरीने नेली. वहिनींनाही चल म्हणाली, पण त्या घर सोडायला तयार नाहीत. दिवसभर ओट्यावर बसतात, माझ्या मशीनचा आवाज ऐकत.

परवाच्या रविवारी ती लाल गाडी आमच्या गल्लीत शिरली. मागच्या सीटवर स्टेपनी, पट्टा लावलेली, अंगात तोच फुलांचा झगा. पोरगी उतरली. इंजिन चालूच.

“काहून आली वो अशी अचानक?” वहिनी घाबरून उठल्या.

“काही नाही आई. गॅस भराले आली होती. नागपूरचा पातळ झाला.”

वहिनी ओट्यावरून उतरून चालू गाडीजवळ आल्या.

“टाकीत पेट्रोल आहे?”

“आहे. अर्धी टाकी.”

“मंग बंद कर गाडी,” वहिनी म्हणाल्या, “आन् जेवाले बस.”