डोंगरासमोर लावलेला डोंगर

चहा आधी संपवून घ्या, नाहीतर ऐकताना ठसका लागेल!

मी मुरबाडला एका फोटो स्टुडिओत कामाला. आठवीत शाळा सुटली, पण कॅमेरा हातात बसला. बोलायची वेळ आली की मात्र माझी मान खाली! एकदा स्टुडिओवाले काका म्हणाले, "शेणव्याजवळ, भातसा धरणाच्या पाण्याकाठी जोडप्याचे फोटो काढायचेत. एकटा जा. जमलं तर पुढच्या बाहेरच्या ऑर्डरी तुझ्या."

एकटा! मी!

नवरी मुंबईची, चित्रकला शिकवणारी. फोनवर म्हणाली, "दादा, मागे सुंदर निसर्ग हवा हं."

आदल्या दिवशी जागा बघून आलो. काय होतं तिथे? पाणी, सुकलेलं गवत, बोडका डोंगर आणि म्हशी. याला काय निसर्ग म्हणायचं? निसर्ग आमच्या स्टुडिओतल्या पडद्यावर होता! डावीकडे बर्फाचा डोंगर, उजवीकडे निळं तळं, त्यात दोन राजहंस. मी अख्खा पडदाच गुंडाळून बाइकला बांधला.

तिथे बांबू रोवले, पडदा ताणला. खरा डोंगर गायब! मी छाती काढून उभा.

"दादा, हे काय?" नवरीनं आल्या आल्या विचारलं.

"निसर्ग, मॅडम."

तेवढ्यात म्हशीवाली मावशी आली. "काय मस्त हाय रे! माजा बी एक काढ. त्यो डोंगर तर रोजच बगते मी." तिच्यामागून अर्धी वाडी. "गो, पदर नीट घे!" "माज्या बाजूला हंस येतोय ना रे?" रांग लागली, आणि नवरा-नवरी रांगेत शेवटी!

मग वारा आला आणि पडदा थेट नवऱ्याच्या डोक्यावर. नवरी हसून हसून खालीच बसली.

"दादा, असले डोंगर फार पूर्वी परदेशातल्या चित्रकारांनी रंगवले," ती म्हणाली. "लोकांना वाटलं, सुंदर म्हणजे हेच. मग पडदे तसे, कॅलेंडरं तशी, फोटोही तसेच. आज समोर आहे ते काढा ना."

पटलं मला. पडदा गुंडाळला आणि कामाला लागलो.

"माज्या म्हशींना कुटं ढकलतोस रे?" मावशी ओरडली.

"थोड्या पाण्याकडं घ्या, मावशी!"

आणि काय फोटो आला म्हणता! नवरी म्हणाली, "हा आमच्या घरात लागणार." काकांनी मोठा करून स्टुडिओत लावला, पुढच्या ऑर्डरीही दिल्या. मी आईला मुद्दाम दाखवायला आणलं.

आई बराच वेळ बघत राहिली. मी फुगलेला!

"नवा पडदा बरा हाय रे," ती म्हणाली. "पर जुन्यासारखाच काढलाय. हंसांच्या जागी म्हशी कुनी काढल्या?"

मी नीट पाहिलं. डोंगर डावीकडे, पाणी उजवीकडे. आणि दोन म्हशी बरोबर तिथेच, जिथे मी त्यांना ढकलत नेलं होतं!