तुमी म्हणाल ती बाजू

शिकाऊ सर्जनांना मी एक गोष्ट बजावून सांगतो आणि सांगताना दर वेळी माझं डोकं फिरतं. भूल देण्याआधी रोग्याला विचारा, दुखणं कुठल्या बाजूला आहे. मुलं मान डोलावतात. हे काय सांगायला हवं, असं बहुतेकांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असतं.

सत्तरच्या दशकात मी कर्जतच्या एका लहान दवाखान्यात सरांच्या हाताखाली शिकत होतो. पळसदरीकडचा एक भातशेतीवाला अंतर्गळाच्या, म्हणजे हर्नियाच्या, ऑपरेशनसाठी दाखल झाला. भाताची झोडणी उरकूनच आला होता, म्हणजे पुढच्या पावसात चिखलणीला नांगर धरता येईल. अंतर्गळाचा गोळा उजव्या जांघेत येत होता. माणूस आडवा झाला की तो गोळा आत जातो आणि दोन्ही बाजू सारख्याच दिसतात, म्हणून आदल्या संध्याकाळी मी त्याच्या उजव्या जांघेवर जांभळ्या औषधाची फुली काढून ठेवली.

सकाळी फुली गायब! बायकोने कढत पाणी मागून घेऊन त्याला घासूनपुसून आंघोळ घातली होती. "डाक्टरांच्या हाताखाली जायाचं, तर अंगावर डाग कशापायी?" असं तिचं म्हणणं. तिच्यावर काय चिडणार?

चिडलो तो सरांवर. हात सोन्याचा, पण कुणाला काही विचारायचं म्हणजे त्यांना नामुष्की वाटे. टेबलाजवळ येऊन म्हणाले, "डावी बाजू तयार करा." मागच्या आठवड्यात त्यांनी समोर उभं राहून त्याला तपासलं होतं आणि समोरून पाहिलं की रोग्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. मी म्हटलं, "सर, उजवी."

"मी पाहिलंय," सर म्हणाले. संपला विषय.

पाठीतलं भुलेचं इंजेक्शन अजून दिलेलं नव्हतं. मी रोग्याकडे वळलो. "काका, गोळा कुठल्या बाजूला येतो?"

त्याने एकदा सरांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "तुमी म्हणाल ती, डाक्टर."

कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. अरे, जांघ तुझी, नांगर तुझा! चुकीची बाजू कापली तर पुढचं अख्खं पीक बुडेल ते तुझंच ना? मी त्याला सरळ टेबलावरून उतरवलं, उभं केलं आणि खोकायला लावलं. उजवीकडे लिंबाएवढा गोळा बाहेर आला. सरांनी मुकाट्याने उजवीकडे ऑपरेशन केलं, उत्तम केलं, आणि हात धुताना मला एवढंच सुनावलं, "पेशंटसमोर मला अडवायचं नाही."

तेही गिळलं. पुढे टाके काढायच्या दिवशी तो बाहेर बाकावर आपल्या गावच्या एकाला समजावत होता.

"मोठा डाक्टर देवमाणूस हाय. पण त्या बारक्याकडं जाऊ नको रं. कुठली बाजू कापायची, ते बी त्याला ठावं नाय. मलाच इचारत होता."