नकाशावरची हिरवी टिकली

येळवसेच्या दिवशी सकाळी अकरा वाजता धाराशिवमध्ये मीटिंग ठेवायची कल्पना ज्या कुणाला सुचली, त्याला माझा साष्टांग नमस्कार…

बाहेरच्यांसाठी सांगते. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी अख्खं शहर घराला कुलूप लावून शेतात जातं. कडब्याची कोप, म्हणजे छोटं खोपटं, उभारायची, आत पूजा मांडायची, आणि मग भज्जी, आंबील, उंडे, खीर… ज्याला शेत नाही त्याला कुणाच्या तरी शेतातून हाक येतेच. बांधावरून चाललेला अनोळखी माणूससुद्धा जेवल्याशिवाय सुटत नाही.

मीटिंग होती विमानतळाभोवती होऊ घातलेल्या बिझनेस डिस्ट्रिक्टची. ऑफिसं, हॉटेल, गोदामं, रुंद रस्ते… आमचं शेत विमानतळाला लागून, म्हणून नकाशात आम्हीही. जमीन द्यायची आणि बदल्यात त्याच भागात डेव्हलप केलेला छोटा प्लॉट घ्यायचा, अशी योजना. सक्ती नव्हती, पण मालकाचा होकार लागणार होता.

खरं सांगू? मला हे मनापासून हवं होतं. नवरा पुण्यात नोकरीला. शनिवारी येतो आणि रविवारी परत बॅग भरतो. इथं चार कंपन्या आल्या तर घर एका ठिकाणी येईल, एवढं साधं माझं गणित.

पण सातबारा सासऱ्यांच्या नावावर. त्यांना आम्ही मामा म्हणतो. ते हो म्हणेनात आणि नाहीही म्हणेनात… विषय काढला की बैलांना पाणी दाखवायला उठायचे.

तर त्या दिवशी मी कोपीत खीर वाढत होते आणि प्लॅनिंगवाल्या मधुराचा फोन आला. पुण्याची पोरगी, आधी एकदा जमीन बघायला येऊन गेली होती. "ताई, हॉलवर कुणीच नाही हो. वॉचमनसुद्धा नाही!" मला हसू आवरेना.

मामांनी काय झालं म्हणून विचारलं, मी सांगितलं. तर माझ्यावरच उखडले. "मग आण की त्यांला इकडं. येळवसेला उपाशी ठिवतीस व्हय?"

आली बिचारी, दोन सहकारी आणि नकाशाची गुंडाळी घेऊन. आधी जेवण. आंबील दोनदा. मग कोपीसमोर सतरंजीवर नकाशा पसरला, कोपऱ्यांवर दगड ठेवले… आणि हॉलवर न आलेली सगळी माणसं आजूबाजूच्या कोपींतून आपोआप गोळा झाली.

मधुरानं प्रत्येकाला एकेक हिरवी टिकली दिली. जे हवं ते सांगायचं आणि जिथं हवं तिथं टिकली लावायची. कुणी दवाखान्यासाठी लावली, कुणी मुलींच्या हॉस्टेलसाठी. गफूरभाईंनी वर्कशॉपसाठी. त्यांचं शहरात वेल्डिंगचं दुकान आहे, शेत नाही. दरवर्षी येळवसेला आमच्याच कोपीत जेवतात.

मामांची टिकली मात्र बोटावरच. आपलं शेत कुठं आहे ते त्यांनी विचारलं. मधुरानं दाखवलं… तिथं हॉटेल होतं आणि मागं लॉन.

"लॉनवर चूल पेटवू देतेल का?"

"नाही देणार, काका." खोटं बोलली नाही, हे मला आवडलं.

मामांनी मागं वळून कोपीकडं बघितलं. मग म्हणाले, "आजवर हाका आमीच मारत आलाव. उद्या येळवसेला आमाला कोण हाक मारल?"

गफूरभाई मान खाली घालून बसले. इतके दिवस मला वाटायचं, हे जास्त मोबदल्यासाठी अडून बसलेत किंवा नुसत्या हट्टापायी. जन्मभर दुसऱ्याला वाढत आलेल्या माणसाला बोलावण्याची वाट बघत बसायची धास्ती वाटत असेल, हे माझ्या गणितात कुठंच नव्हतं.

मधुरानं "बघू, करू" म्हटलं नाही. म्हणाली, "काका, याचं उत्तर आज माझ्याकडं नाही." मामांनी मान हलवली आणि टिकली मोबाईलच्या पाठीला चिकटवून ठेवली.

परवा दुसरी मीटिंग झाली. या वेळी तारीख आम्हाला विचारून… हॉल गच्च भरला होता. नकाशा नवा होता. धावपट्टीच्या टोकाला उंच बांधकाम करता येत नाही, म्हणून आधी तिथं पार्किंग दाखवलं होतं. आता तिथं लिहिलं होतं, 'सामाईक शेत'. चूल चालेल. ज्वारी नको, कारण पाखरं येतात आणि विमानांना ते चालत नाही. हरभरा चालेल.

"हरभरा तर हरभरा. कोपीला कडबा बेंबळीहून आणू," मामा म्हणाले. मला वाटलं, झालं एकदाचं!

पण त्यांचं बोट नकाशावर फिरतच होतं. त्या सामाईक शेताच्या कुंपणाच्या रेषेवरून एक पूर्ण चक्कर मारून थांबलं. आत जायला एकच वाट होती, प्लॉटवाल्यांच्या गल्लीतून. मोठ्या रस्त्याकडून काहीच नव्हतं.

"पाव्हणा येणार कुठनं? गफूरभाईनं काय उड्या मारून यायचं व्हय?"

सगळा हॉल हसला, सगळ्यात मोठ्यानं गफूरभाई. मधुरानं पेन्सिल काढली आणि तिथल्या तिथं रस्त्याच्या बाजूला दार काढलं.

मामांनी मोबाईलवरची टिकली सोडवली आणि त्या दारावर लावली. डिंक पार वाळला होता, चिकटेना. मग मीटिंग संपेपर्यंत तिच्यावर अंगठा दाबून उभे राहिले… हाच त्यांचा होकार.

रात्री नवऱ्याला फोनवर सांगितलं की बॅग इतक्यात माळ्यावर टाकू नको, अजून बराच वेळ लागणार आहे.

हे सगळं होईल तेव्हा होईल. पण झालं की येळवसेला त्या दारातून कुणीही या… मामांच्या वतीनं मी आत्ताच हाक मारून ठेवते.