पत्ते झाकून पाहणारे व्याही

शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५ रोजी सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी आमच्या व्याह्यांनी चालू डाव अर्ध्यावर सोडून टीव्ही बंद केला. त्यांना न ओळखणाऱ्याला या वाक्यात काही विशेष दिसणार नाही. मी त्यांच्याबरोबर सहा वर्षे एका घरात राहतो, आणि सांगतो की घराला आग लागली असती तरी त्यांनी आधी डाव संपू दिला असता. माणसाचा चेहरा वाचण्यात त्यांची बरोबरी करील असा मनुष्य मी पाहिलेला नाही. मी सहसा कोणाची स्तुती करीत नाही. पाटबंधारे खात्यात अडतीस वर्षे काढली. तेथे ती सवय लागत नाही.

व्याही माझ्या जावयाचे वडील. मूळचे नागपूरचे, रेल्वेत तिकीट तपासनीस होते. मी साताऱ्याचा. दोघेही विधुर, आणि दोघांनाही मुलांनी कॅनडात, टोरोंटोजवळच्या रिचमंड हिलला आणून ठेवले आहे. वरच्या मजल्यावर समोरासमोर दोन खोल्या आणि बेसमेंटमध्ये एक टीव्ही, एवढे आमचे सामाईक राज्य. दर शुक्रवारी सहा वाजता त्या टीव्हीवर व्याही पोकरची एक मालिका पाहतात. ही स्पर्धा नव्हे. आठ माणसे एका लांबट टेबलाभोवती बसतात, स्वतःच्या खिशातले लाखो डॉलर समोर मांडतात आणि प्रत्येकी दोन झाकलेल्या पत्त्यांच्या जोरावर एकमेकांना थापा मारतात. कोणाच्या हातात काय आहे ते पाहणाऱ्याला पडद्याच्या एका कोपऱ्यात दाखवले जाते. सामान्य माणसाची सारी गंमत त्यातच असते. व्याह्यांना त्याचाच संताप आला. पहिल्याच शुक्रवारी त्यांनी नातीच्या नाश्त्याच्या सीरिअलचा खोका कापून त्याचा तुकडा त्या कोपऱ्यावर चिकटपट्टीने कायमचा बसवला. "तिकीट हातात घेऊन पाहिल्यावर प्रवासी तर कोणीही ओळखते," ते म्हणाले. "त्यात आपली काय हुशारी आहे बाप्पा?" जावई कळवळून म्हणाला, "बाबा, फोर-के टीव्ही आहे तो, ब्रँड न्यू." खोक्याचा तुकडा तेथेच राहिला. हॉकीच्या सामन्यातील गोलसंख्या नेमकी त्याच कोपऱ्यात येते. दोन वर्षे झाली, माझा जावई कोण जिंकत आहे हे न कळता हॉकी पाहतो, आणि अलीकडे त्याला ती अधिक आवडू लागली आहे, असे तो म्हणतो.

खेळाडूंची खरी नावे व्याह्यांनी कधी लक्षात ठेवली नाहीत. टोपी डोळ्यांवर ओढून काळा चष्मा लावणारा एक जाडा तरुण आहे. तो 'वरच्या बर्थवर झोपेचं सोंग घेणारा'. सतत विनोद करणारा 'वर्ध्यापर्यंतचं तिकीट, उतरणार बल्लारशाहला'. हिरव्या जाकिटातील एका स्त्रीबद्दल मात्र ते आदराने बोलतात. ती पैसे लावताना चिप्स, म्हणजे पैशांच्या जागी वापरायच्या चकत्या, दोनदा सरळ करते. "हिच्याकडे तिकीट असते, आणि तरी घाबरते. अशी माणसं शंभरात दोन. त्यांना मी कधी थांबवलं नाही." मग टेबलावर पत्ते उघडतात आणि त्या स्त्रीजवळ खरोखरच भारी पत्ते निघतात. मी सुरुवातीला हिशेब ठेवला होता. व्याह्यांचे दहा अंदाजांतील आठ बरोबर येत. पुढे हिशेब ठेवणे मला क्षुद्रपणाचे वाटू लागले.

इतके असून त्यांनी आयुष्यात एक सेंटही जुगारात लावलेला नाही. जावयाने एकदा हौसेने त्यांना नायगाऱ्याच्या एका कॅसिनोत नेले. दोन तास ते कॉफीचा पेला धरून उभे राहिले, आणि बाहेर आल्यावर म्हणाले, "इथं कोणी खेळून नाही राहिलं रे. सगळे गाडीची वाट पाहून राहिले." टोरोंटोच्या आंबेडकरी मंडळाच्या सहलीत ते मुलांबरोबर बदामसात खेळतात आणि ठरवून हरतात, मुलांना ते कळते, पण मुले बोलत नाहीत. एप्रिलच्या कार्यक्रमात त्यांचे भाषण सर्वांत लहान असते आणि तेवढेच लोकांच्या लक्षात राहते.

माझा चेहराही त्यांनी वाचलेला आहे. लग्न ठरले तेव्हा मी नागपूरला त्यांच्या घरी गेलो होतो. चहा घेताना म्हणालो, "आम्हांला काही अडचण नाही." अडचण होती. ती कोणती, हे आमच्या समाजात सांगावे लागत नाही. त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले, बशी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "चिवडा घ्या." दहा वर्षांनी, येथे अंगणातला बर्फ शोव्हल करताना, ते एकाएकी बोलले, "व्याहीबुवा, तेव्हा तुमच्यापाशी तिकीट नव्हतं. पण गाडी आपल्याच गावाला चालली होती. म्हटलं, बसू द्या." मी फावडे चालवत राहिलो. त्या दिवशी बर्फ पुष्कळ होता.

आता त्या शुक्रवारकडे येतो. ऑक्टोबरच्या अखेरीस नेत्रतज्ज्ञाने मला सांगितले होते की काचबिंदूने डाव्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली आहे. गाडी चालवू नका. मी घरी सांगितले, "नंबर थोडा बदलला आहे." वयाच्या बहात्तराव्या वर्षी या देशात आलो आणि रस्त्यावरची परीक्षा पहिल्या खेपेस उत्तीर्ण झालो. मुलीच्या घरात मी पाहुणा नाही, हे मला त्या गाडीमुळे वाटत असे. दर शनिवारी आठ वर्षांच्या नातीला पोहण्याच्या वर्गाला नेणे हे माझे काम होते. डॉक्टरांनी सांगितल्यानंतरही मी दोन शनिवार तिला नेले. हे लिहिताना मी स्वतःला कोणतीही सवलत देत नाही.

टीव्ही बंद करून व्याही वर गेले. मला वाटले, प्रकृती बिघडली. वर जाऊन पाहतो तो गॅरेजमध्ये उघडणाऱ्या दारापाशी, टांगलेल्या कोटांच्या शेजारी, ते हात मागे बांधून उभे.

"येथे काय करता आहात?"

"उभा आहो."

"डाव सोडून?"

"डाव पुढच्या शुक्रवारी पण आहे. उद्या शनिवार आहे."

मी त्यांच्याकडे पाहिले. ते भिंतीकडे पाहत होते. मला वेळ मिळावा म्हणून, हे मला समजले. मी म्हणालो, "मला डाव्या डोळ्याने दिसत नाही." हे मी प्रथमच मोठ्याने बोललो.

"हो," ते म्हणाले. "तीन शुक्रवार झाले, चिवड्याची वाटी तुमच्या डावीकडे ठेवून राहिलो. तुम्ही हात नाही लावला. आज उजवीकडे ठेवली, तर अर्धी संपवली."

"मग तेव्हाच का बोलला नाहीत?"

"विनातिकीट माणसाला डब्यात सगळ्यांसमोर कधी पकडलं नाही मी. दारापाशी जाऊन उभा राहायचो. मग तो आपल्या पायानं येते." ते माझ्याकडे वळले. "पण इथं चुकलं माझं. गाडीत लेकरू होतं. पहिल्याच शनिवारी बोलायला पाहिजे होतं. तिसऱ्या शनिवारची हिंमत नाही आपली."

तेव्हा मला उमगले. ते दोन्ही शनिवार व्याही आपण होऊन गाडीत येऊन बसले होते आणि वाटभर अखंड बोलत होते: "डावीकडून सायकल येऊन राहिली," "डावीकडे ते बाई कुत्रं घेऊन उभी आहे," "बस थांबली बघा डावीकडे." म्हातारपणी माणूस बडबडा होतो, असे मी मनात म्हटले होते. एकदा तर मी त्यांना गप्प बसायला सांगितले होते. ते गप्प बसले नव्हते.

"घरात कोण सांगणार?" मी विचारले.

"तुम्ही. तुमचं तिकीट तुम्हीच दाखवा."

जेवताना मी सांगितले. चार वाक्ये पुरली. मुलगी ताटावरून हात उचलून बसली. "बाबा, व्हाय डिडन्ट यू टेल मी? ती गाडीत होती, बाबा." जावई म्हणाला, "इट्स ओके, शनिवारी आम्ही ड्रॉप करू, अल्टरनेट करू." नातीने विचारले, "सो हू इज टेकिंग मी टुमॉरो?"

"आम्ही दोघं," व्याही म्हणाले. "बस आहे ना. या देशात येऊन इतकी वर्षं झाली, बसमधले लोक अजून पाहिलेच नाही मी."

मुलगी त्यांच्याकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे. तिने भाताचे भांडे उचलले आणि मला दिसेल अशा बाजूने पुढे केले.

सहा वर्षांत मी व्याह्यांना आभाराचा एक शब्द बोललो नाही. त्या रात्रीही बोललो नाही. तो माझा स्वभाव नाही, आणि जो चेहरा वाचतो त्याला शब्दांची गरज कितपत असते, हे मला ठाऊक नाही. मात्र बोलायला हवे होते, असे आता वाटते. जेवणानंतर मी गाडीची किल्ली मुलीच्या पर्समध्ये टाकली. मग उद्याच्या बसची वेळ, नऊ वाजून चार मिनिटे, जाड पेनाने एका कागदावर लिहिली आणि तो कागद व्याह्यांच्या कोटाच्या खिशात ठेवला.