भोवऱ्यातले बाज

"मामा, आंब्याच्या बागंत बगा जाऊन. फांदी दिसंना झालीया, इतकं बाज बसल्यात. रातभर तिथंच हुते म्हनं."

"ऊन सरलं की पाखरू उतरतंच."

"तसं न्हवं," नीकानोरा मनोऱ्याची शेवटची पायरी चढत म्हणाली. "बाग आपल्या रेघंच्या अलीकडं हाय. म्हंजे ते अजून फुडं गेलंच न्हाईत."

एलिहियोनं दुर्बीण पुसायला घेतली. पुसलेलीच होती.

व्हेराक्रूझच्या त्या ऊसपट्ट्यात, डोंगर आणि समुद्राच्या मधल्या चिंचोळ्या वाटेनं, पाऊस सरता सरता बाज दक्षिणेला जातात. फुटबॉलच्या मैदानाकडेच्या मनोऱ्यावरून ते मोजण्यात एलिहियोचे केस पिकले. तापल्या हवेवर बाज घिरट्या घेत वर चढतात, तो भोवरा. तो मोजायचा नाही. भोवरा फुटून धार लागली, धार मनोऱ्यासमोर मानलेल्या मोजणीच्या रेघेपार गेली, की मगच हातातलं आकडा वाढवणारं यंत्र अंगठ्यानं दाबायचं. भाचीला हे त्यानंच शिकवलं होतं, तेही चारचौघांत झापून: "भोवरा मोजणारा मानूस तव्यावरची तोर्तिया पोटात गेल्याली धरतो!"

काल ती लवकर घरी गेली. उन्हं कलली होती. किनाऱ्यावरच्या मनोऱ्यावरून ताडेओचा फोन आला. "काय म्हाताऱ्या, पेंगतुयास का? आज आमी फुडं हाय." नेमका तेव्हाच रेघेअलीकडं भला थोरला भोवरा लागला. जातीलच की, न जाऊन करतील काय! एलिहियोचा अंगठा चालला तो चाललाच. वर ताडेओला आकडा ऐकवून म्हणाला, "आता तू मासं मोज." रात्री चौकात लोकांनी त्याची पाठ थोपटली. त्यानंही थोपटून घेतली.

आता ऊन तापलं. बागेतून एक बाज उठला, दुसरा उठला, मग सगळी बागच उठल्यागत झालं.

"धार लागंल आता. मोजू न्हवं, मामा?"

एलिहियोच्या कानाच्या पाळ्या तापल्या. नको म्हटलं की भागत होतं. काल मोजलेले आज सोडले की बेरीज कशीबशी जुळली असती. नीकानोरानं नजर दुसरीकडं वळवली. "दमला असाल काल तुमी."

ती पोर आपल्याला झाकायला बघतेय, हे बघून त्याला मनोरा गिळंल तर बरं, असं झालं.

"दमलो न्हवतो. भोवरा मोजला मी. ताडेओचं तोंड बंद करायला."

"मी मोजला असता तर हितनं खाली ढकललं असतं तुमी मला."

"व्हय. ढकललं असतं."

त्यानं फोन लावला. "ताडेओ, माजा कालचा शेवटचा आकडा काढून टाक. खोटा हाय त्यो. तुजी जिरवायला मोजला."

ताडेओ हसला असता, दोन शिव्या घातल्या असत्या, तर बरं वाटलं असतं. तो नुसता म्हणाला, "काढतो, दादा." दादा तो कधी म्हणत नसे.

वर भोवरा फुटला. पहिली पाखरं पंख ताणून दक्षिणेला सुटली, त्यांच्यामागं बाकीची, मधूनमधून गिधाडंही.

"गिधाडं तू घे, बाज मी घेतो," एलिहियो म्हणाला. नीकानोरानं मान डोलावली. त्यानं दुर्बीण डोळ्याला लावली, पहिला बाज रेघेपार जाऊ दिला आणि अंगठा दाबला.