रजेचा रकाना

परवा बँकेत पासबुक छापणाऱ्या यंत्राची करकर ऐकली आणि फलटणकडच्या साखर कारखान्यातली एक दुपार आठवली. कुणाचा ऊस कधी तोडायचा, त्या पाळीची यादी मी नव्या संगणकावर बसवली होती. उसाच्या लागणीच्या तारखा भरल्या की यादी आपोआप छापून येई. जुन्या फायली रद्दीत काढा, असंही मी सांगून टाकलं होतं. तिथले जुने कारकून यादीवर बोट ठेवून म्हणाले, "सायेब, ह्या बाईंच्या उसाची पाळी जानेवारीत आलीया. घरात एकच गडी, त्यो फौजेत. त्याची रजा हाय डिसेंबरात, तवाच तोड व्हाया पायजे." आणि त्यांनी फायलीतून त्याचं रजेच्या तारखा कळवणारं पत्र काढून माझ्यापुढं ठेवलं. अशी पत्रं कितीतरी फायलींत होती. मी गुपचूप 'रजा' हा रकाना वाढवला. आता माझा मुलगा परदेशात असतो आणि घरातलं प्रत्येक मोठं काम त्याच्या रजेची वाट बघतं.